चुलत वगैरे

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणायची, आमची रेणू दूधवाल्याच्या मापातसुद्धा बोट बुडवून बघेल. अमेरिकेत फ्रीमाँटला येऊन तीस वर्षं झाली, तरी दुकानात अंड्यांचा डबा उघडून मी एकेक अंडं हलवून बघते. नरेंद्रला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्याची लाज वाटते. तेवढा वेळ तो लांब ब्रेडच्या रॅकपाशी जाऊन उभा राहतो.

अशा बाईनं दुभाषी व्हावं, हा एक विनोदच आहे. दवाखान्यात कुणा मराठी पेशंटचं इंग्रजी अडलं की आमच्या कंपनीला फोन जातो, आणि मी माझ्या माडीवरच्या खोलीतून हेडफोन लावून त्यांच्या स्क्रीनवर उगवते. नियम कडक आहेत. बोलणाऱ्याच्या बोलण्यात काही घालायचं नाही, त्यातलं काही गाळायचं नाही. खोलीत जो शब्द उच्चारला जाईल तो दुसऱ्या भाषेत सांगायचाच. आणि सांगायचं ते ‘मी’ म्हणून. पेशंट म्हणाला, माझं पोट दुखतंय, की मीही इंग्रजीत म्हणते, माझं पोट दुखतंय. ‘ह्यांचं’ म्हणायचं नाही. स्वतःचं मत द्यायचं नाही, आणि काम संपलं की टिपणाचा कागद फाडून टाकायचा.

म्हणून या गोष्टीतल्या माणसांची नावं मी बदलली आहेत. माझं तेवढं खरं ठेवलंय, कारण चूक माझी आहे.

मार्चमधल्या एका सकाळी ॲरिझोनातल्या एका क्लिनिकमधून कॉल आला. स्क्रीनवर तिघीजणी दिसल्या. एमिली ही जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे घराण्यात काय दोष चालत आलेत ते शोधून सल्ला देणारी. तिच्यासमोर नेत्रा, सव्वीस-सत्तावीसची, सांगलीकडची, हातात हिरव्या बांगड्या आणि अंगात नवऱ्याचं जाकीट. नेत्राच्या शेजारी तिच्या सासूबाई, कृष्णाबाई, तीन महिन्यांपूर्वी भारतातून आलेल्या. नवरा संग्राम तिथल्याच चँडलर गावात चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. तो ऑफिसचा फोन आला म्हणून बाहेर गेला होता. नेत्राला इंग्रजी कामापुरतं समजायचं, पण तोंड उघडायच्या आत संग्राम तिच्या वतीनं बोलून मोकळा व्हायचा. तिचं तिच्या तोंडून ऐकायचं म्हणून एमिलीनं मुद्दाम मला बोलावलं होतं.

नेत्राची दोन बाळं गेली होती. एक तिसऱ्या महिन्यात. दुसरं पाचव्या महिन्यात. त्याच्या सगळ्या अंगात पाणी झालं होतं. आता तिला नववा आठवडा होता. हे सगळं ती जाकिटाची चेन वरखाली करत सांगत होती, आणि मी इंग्रजीत ‘माझी दोन बाळं गेली’ म्हणत होते. सवयीनं हे जमतं. त्या दिवशी नीट जमत नव्हतं.

एमिली कागदावर वंशवेल काढत होती. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, लग्न झालं की मध्ये रेघ. नेत्रा आणि संग्रामच्या मध्ये रेघ काढून ती थांबली आणि तिनं अगदी सहज विचारलं, तुमचं दोघांचं रक्ताचं नातं आहे का? म्हणजे कझिन्स वगैरे?

मी मराठीत सांगितलं, “तुमचं दोघांचं रक्ताचं नातं आहे का? म्हणजे चुलत वगैरे?”

“शिव शिव!” कृष्णाबाई खुर्चीतून उठल्याच. “चुलत म्हंजे भाऊबहीण की! भावाबहिणीचं कुठं लगीन लावत्यात व्हय? आमी काय तसले वाटलो?”

नेत्रानं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, “नाही.”

मी दोघींचं दोन्ही शब्दशः सांगितलं. एमिलीनं माफी मागितली, हे सगळ्यांनाच विचारावं लागतं म्हणाली, आणि कागदावर काहीतरी खूण केली. माझ्या डोक्यात मात्र पाल चुकचुकली. साध्या प्रश्नाला एवढा राग? खाई त्याला खवखवे. या बाई नक्की काहीतरी दडवतायत, असं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं.

मग एमिलीनं विचारलं, घरात आणखी कुणाची मुलं अशी गेलीत का? नेत्रा म्हणाली, “आत्यांना माहीत असंल. त्यांनाच विचारा.”

इथे मला माझ्या ज्ञानाचा गर्व झाला. पश्चिम महाराष्ट्रात सुना सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. माझी आईही माझ्या आजीला आत्याबाई म्हणायची, आणि दोघींचं लग्नाआधीचं नातं काडीचं नव्हतं. एखाद्या नवशिक्यानं इथे ‘आँट’ म्हटलं असतं. मी रुबाबात ‘माझ्या सासूबाईंना माहीत असेल’ असं इंग्रजी केलं.

कृष्णाबाईंनी त्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. पदर सारखा करत त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, “कशाला एवढ्या तपासण्या? खोट जिथं हाय तिथं हाय. संग्रामला काय धाड भरलीय? येत्या शनिवारच्या पुढल्या शनिवारी हिला हिच्या बापाकडं धाडतोय. तिकीट काढलंय. ते बघतील काय ते.”

नियमाप्रमाणे तेही मी सांगितलं, खोट हा शब्दसुद्धा. एमिलीचा चेहरा उतरला. ती नेत्राला म्हणाली, आत्तापर्यंतच्या साध्या तपासण्या स्वच्छ आल्या आहेत, त्यामुळे हा नुसता दैवाचा भाग असू शकतो. गेलेल्या बाळाचा नमुना लॅबमध्ये जपून ठेवलेला आहे, पण त्यात आणखी खोल जायचं तर कुठे शोधायचं याचा काहीतरी धागा हवा. तो मिळाला, तर अकराव्या आठवड्यानंतर या बाळाचीही तपासणी करता येईल. निदान तोवर प्रवास पुढे ढकलता येईल का? नेत्रानं सासूकडे पाहिलं. सासूनं पर्स उचलली.

तेवढ्यात संग्राम आत आला. आल्या आल्या त्यानं एमिलीला विचारलं काय, तर फॉर्ममधले प्रश्न संपले ना? बायको कशी आहे, हे नाही विचारलं. त्याचंही नाव मी माझ्या मनातल्या संशयितांच्या यादीत घातलं.

कागद फाडला, पण डोकं कुठे फाडता येतं? जेवताना मी नरेंद्रला नावगाव न सांगता एवढंच म्हटलं, “एका घरात पाणी मुरतंय कुठेतरी.”

“रेणू, तू दुभाषी आहेस, सीआयडी नाही,” तो म्हणाला. “वरण वाढ.”

चार दिवसांनी दुपारी तो फोन ठेवून हसत हसत स्वयंपाकघरात आला. “शंतनू येतोय मेमध्ये, ॲन आर्बरहून. माझा कझिन.”

“कुठला शंतनू?”

“अगं, कझिन गं. शंतनू.”

मला हे असलं बोलणं खपत नाही. “कझिन म्हणजे काय ते नीट सांग ना. चुलत, मामे, आते की मावस? इंग्रजांना चालतं सगळ्यांना एकाच पोत्यात...”

आणि माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. पोळी करपेपर्यंत मी तव्याकडे बघत उभी होते.

एमिलीनं कझिन म्हटलं होतं. त्या एका शब्दात आपली चारही नाती येतात. मी त्यातलं नेमकं चुलत उचललं होतं, आणि उरलेली तिन्ही ‘वगैरे’त कोंबली होती. चुलत भावाशी लग्न म्हणजे आपल्याकडे पाप. पण मामाची मुलगी? सांगली, सातारा, कोल्हापूरकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क असं लोक बिनदिक्कत म्हणतात. तिथल्या हिशेबानं ती बहीणच नव्हे, भावकीतलीही नव्हे. ती सोयऱ्यांची मुलगी. आणि ज्या सुनेची सासू खरोखरच तिच्या बापाची बहीण असेल, ती सासूला काय म्हणणार? आत्याच म्हणणार. सासूला आत्या म्हणायची पद्धत मुळात पडली असेल ती यातूनच, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी ज्या शब्दाचा रुबाब केला, त्यानंच मला उल्लू बनवलं होतं.

इतके दिवस मी त्या बाईला खोटारडी ठरवून बसले होते, आणि तिनं तर मी विचारलेल्या प्रश्नाचं खरंखुरं उत्तर दिलं होतं. ध चा मा मी केला होता. मला स्वतःची इतकी शरम वाटली की नरेंद्रनं करपलेली पोळी गुपचूप खाल्ली.

संध्याकाळी कंपनीला ईमेल लिहिलं: अमुक कॉलमध्ये माझी भाषांतराची गंभीर चूक झाली आहे, क्लिनिकला ताबडतोब कळवा. उत्तर आलं की कळवल्याबद्दल आभार, दहा कामकाजाच्या दिवसांत आढावा घेऊ. दहा दिवसांत नेत्रा विमानात बसली असती. मी फोन केला, तर कुणी अंकुर नावाचा गोड मुलगा म्हणाला, “मॅम, प्रोसेस आहे, काय करणार?” पेशंटशी किंवा क्लिनिकशी परस्पर बोलणं आम्हाला सक्त मना. पण आमच्या कंपनीत मराठीचे आम्ही मोजून सहाजण. नेत्राची पुढची भेट शुक्रवारी असणार, हे त्या दिवशी ठरताना मी ऐकलं होतं. मी शुक्रवारी सकाळी सातला लॉग इन केलं आणि जागची हलले नाही. नरेंद्रनं चहा वर आणून दिला. मधे दोन कॉल आले, एक गुडघ्याचा आणि एक मोतीबिंदूचा. दोन्ही वेळा मला धास्ती, की एवढ्यात तिचा कॉल दुसऱ्याकडे गेला तर? माझा जीव इतका कधी टांगणीला लागला नव्हता.

पावणेबाराला स्क्रीन उजळली. एमिली, नेत्रा, कृष्णाबाई, आणि आज संग्रामही. त्याचा पाय सारखा हलत होता.

मी कुणाला बोलूच दिलं नाही. आधी इंग्रजीत आणि मग मराठीत म्हणाले, “बोलणं सुरू होण्याआधी दुभाषीला स्वतःची एक चूक दुरुस्त करायची आहे. मागच्या भेटीत काउन्सेलरनी कझिन हा शब्द वापरला होता. मी त्याचं फक्त चुलत असं सांगितलं. ते अपुरं होतं. तो प्रश्न पुन्हा विचारला जावा.”

एमिलीनं पेन खाली ठेवलं. मग तिनं पुन्हा विचारलं, आणि मी या वेळी एकेक शब्द मोजून टाकला. “तुमचं लग्नाआधीचं काही नातं आहे का? चुलत, मामे, आते, मावस, कुठल्याही बाजूचं?”

“आहे की,” नेत्रा पटकन म्हणाली. “आत्या माझ्या सख्ख्या आत्या. माझ्या वडिलांच्या धाकट्या बहीण. मला वाटलं तुम्हाला माहितीये. मी तर आत्याच म्हणाले होते.”

ते मी इंग्रजीत सांगितलं. एमिलीनं समोरचा कागद पालथा करून संग्रामचा जुना फॉर्म काढला. हे तुम्ही भरलंय ना, तिनं त्याला विचारलं. इथे ‘नातं नाही’ अशी खूण आहे.

माझा एक संशय खरा निघाला, पण त्याचा आनंद झाला नाही. संग्राम घामाघूम झाला होता. तो आईकडे न बघता मराठीतच बोलायला लागला. “इथे या स्टेटमध्ये मामाच्या मुलीशी लग्न कायद्यानं चालत नाही. मी नेटवर वाचलं. नेत्रा माझ्या व्हिसावर आहे, यार. उद्या म्हणाले तुमचं लग्नच व्हॅलिड नाही, तर? ग्रीन कार्ड अडकलंय... मला वाटलं, एक टिक तर आहे.”

“तुम्हाला माहीत होतं?” नेत्रा त्याच्याकडे वळली. “फॉर्ममध्ये हे विचारलंय, तुम्हाला माहीत होतं? आणि घरी सगळे माझ्यात खोट आहे म्हणत होते, तेव्हा तुम्ही गप्प बसलात?”

मला इंग्रजीत हे सगळं ‘मी’ म्हणूनच सांगायचं होतं, आधी त्याचं भित्रेपण आणि लगेच तिचा संताप. तिचा संताप सांगताना माझा सूर नियमापेक्षा जरा वर गेला, हे कबूल करते.

एमिली शांतपणे म्हणाली, “व्हिसाचं वकिलाला विचारा. माझं काम बाळाशी आहे.” मग तिनं नेत्रा आणि संग्रामच्या मधल्या रेघेशेजारी आणखी एक रेघ ओढली. नात्यात लग्न झालं असेल तर दुहेरी रेघ, एवढंच तिनं सांगितलं.

“आमच्यात पिढ्यान् पिढ्या अशीच लग्नं होत आली,” कृष्णाबाई फणकारल्या. “सगळ्यांची पोरं धडधाकट हायती.”

बहुतेकांची असतातच, एमिली म्हणाली. कुणाचंही लग्न असो, शंभरातल्या तीनेक बाळांमध्ये जन्मतः काही दोष निघतो. सख्ख्या मामे-आतेभावंडांच्या लग्नात तो आकडा पाच-सहावर जातो, म्हणजे नव्वदांहून जास्त चांगलीच. पण त्याच चार घरांत पिढ्यान् पिढ्या सोयरिकी झाल्या, की धोका आणखी वाढतो. प्रत्येकाच्या अंगात काही लपलेले दोष असतात. घराच्या किल्ल्या दोन असल्या, की एक हरवली तरी दार उघडतं. आई आणि बाप दोघांचीही एकाच आजी-आजोबांकडून येणारी तीच एक किल्ली हरवलेली असेल, तर चारातल्या एका बाळाच्या वाट्याला एकही किल्ली येत नाही. असंच झालंय, हे अजून ठरलेलं नाही. पण आता कुठे शोधायचं ते कळलं. दोघांचं रक्त आजच घेऊ, जपलेल्या नमुन्याशी ताडून बघू, आणि पुढच्या आठवड्यापासून या बाळाचीही तपासणी करता येईल. ते बाळ निरोगी असण्याचीच शक्यता जास्त आहे.

मी सांगत होते आणि नेत्रा बोटांवर काहीतरी जुळवत होती. “म्हणजे ते आजोबांकडून किंवा आजीकडून आलं असेल तर,” ती सावकाश म्हणाली, “माझ्यात आबांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून आलं. आणि ह्यांच्यात... आत्यांकडून?”

हो, तसं असू शकतं, एमिली म्हणाली.

मी ते मराठीत सांगितलं, आणि खरं सांगते, कृष्णाबाईंकडे बघत सांगितलं. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. खोट जिथं हाय तिथं हाय म्हणणाऱ्या बाईला आता कळू दे, असं माझ्या मनात होतं. हा माझा हलकटपणा.

त्यांनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. दुभाषीला शांततेचं भाषांतर करावं लागत नाही, हे एक बरं.

“संग्राम,” त्या शेवटी म्हणाल्या, “ते शनिवारचं तिकीट कॅन्सल कर.”

“आई, पण मामाला तू...”

“कर म्हणते ना. दादाला मीच फोन केला होता, आता परत मीच करते.” मग त्यांनी पहिल्यांदाच थेट स्क्रीनकडे, माझ्याकडे बघितलं. “त्या बाईला सांगा, माझंबी रक्त काढा म्हणावं. माझीबी तीन गेली. संग्रामच्या आधी दोन, मागनं एक. मीबी आत्याच्याच घरात दिलेली. आत्या म्हणायची, खोट माझ्यात हाय. माझ्या बापाच्या सख्ख्या बहिणीनं म्हटलं. मला आजवर कुणी इचारलं न्हाई. मलाबी वाटलं, असंल बाई माझ्यातच.”

संग्रामचा हलणारा पाय थांबला. त्याला हे ठाऊक नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं.

आता माझी पाळी होती. काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही, आणि सांगायचं ते ‘मी’ म्हणून. जिच्यावर मी संशय घेतला, तिचं ‘मी’ मला तोंडात घ्यायचं होतं. मी इंग्रजीत म्हणाले, माझंही रक्त काढा. माझी तीन गेली. मी आत्याच्याच घरात दिलेली. ती म्हणायची, खोट माझ्यात आहे. मला आजवर कुणी विचारलं नाही.

मग एमिलीनं कागद पुढे ओढला. कृष्णाबाईंचा गोल आणि त्यांच्या नवऱ्याचा चौकोन यांच्या मध्ये दुसरी रेघ ओढली. खाली, संग्रामच्या चौकोनाच्या बाजूला, तीन लहान त्रिकोण काढले, दोन अलीकडे, एक पलीकडे.

कृष्णाबाई पुढे वाकल्या. “हे तीन काय काढलं?”

मी एमिलीला विचारलं आणि तिचं उत्तर मराठीत सांगितलं.

“ही तुमची तीन.”

त्यांनी त्या तिन्हींवरून एकेकदा बोट फिरवलं. नेत्रानं आपली खुर्ची ओढून त्यांच्या जवळ घेतली आणि बाही वर करून हात टेबलावर ठेवला. कृष्णाबाईंनीही तसंच केलं.